छिद्रान्वेषण

या भूतलावर एकच नग मागणाऱ्या ग्राहकाला एक प्रकारचा मान असतो, कारण त्याची मागणी वेडाच्या किंवा भक्तीच्या सदरात मोडते आणि या दोहोंविषयी आपल्या समाजात आदर आहे. दहा हजार नग मागणाऱ्या ग्राहकासाठी तर कारखानदार स्वहस्ते खुर्ची पुढे सरकवतो आणि न मागता चहा येतो. परंतु पाच-दहा नग मागणारा जो मधल्यामध्ये लोंबकळणारा प्राणी आहे, त्याला शास्त्रात स्थान नाही, बाजारात पत नाही आणि कारखान्याच्या फाटकावरील पहारेकऱ्याच्या वहीत नोंदवण्याजोगे प्रयोजनही नाही. महसूल खात्यातील प्रदीर्घ नोकरीत हे ज्ञान मला होण्याचा संभव नव्हता, कारण तेथे एका अर्जालाही आम्ही दहा हजार अर्जांइतकाच वेळ लावीत असू, आणि त्या अर्थाने आमचे खाते समतेचे माहेरघर होते. हे ज्ञान मला सेवानिवृत्तीनंतर भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत, संगणकाच्या पेटीला बसवावयाच्या सच्छिद्र पत्र्यांच्या निमित्ताने प्राप्त झाले.

माझा भाचा आणि त्याचे पाच मित्र नारायण पेठेत दोन खोल्या भाड्याने घेऊन ॲनिमेशनचा व्यवसाय करतात. सहा माणसे, सहा संगणक, आणि सहाही संगणकांच्या पेट्या, ज्यांना दुकानात कॅबिनेट म्हणतात, एकाच सवलतीच्या लाटेत एकदम घेतलेल्या, सबब एकाच जातीच्या आणि एकाच दोषाच्या. ज्या काळी अशी पेटी ही टेबलाखाली ठेवावयाची, चुकून पाय लागला तर नमस्कार करावयाची आणि एरवी विसरून जावयाची वस्तू होती, त्या काळी तिला भोके पाडलेला करड्या रंगाचा साधा लोखंडी पत्रा असे व त्यात कोणाला काही उणे वाटत नसे. पुढे आतील पंख्यांना आणि पट्ट्यांना रंगीबेरंगी दिवे लावण्याची प्रथा पडली. दिवे लावले म्हणजे ते दिसले पाहिजेत, ते दिसावयाचे तर पत्र्याच्या जागी काच हवी, आणि काच आली की हवा गेली, अशी ही अटळ कार्यकारणपरंपरा आहे. एप्रिल महिन्यात पुण्याचा पारा चाळिशीला टेकला की भाच्याच्या पेटीतील प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊन पोहोचे, आणि तेथे पोहोचल्यावर तो स्वसंरक्षणार्थ आपली गती आपणच कमी करी. त्या मंडळींना ही मोठी आपत्ती वाटली. मला मात्र त्यात नवल वाटले नाही. उन्हाळ्यात स्वसंरक्षणार्थ गती कमी करणारे कर्मचारी मी आयुष्यभर पाहिले होते, आणि त्यांना तर विजेचीही आवश्यकता भासत नसे.

तात्पुरता उपाय म्हणून त्यांनी काचेची दारे काढून ठेवली. त्याबरोबर धूळ आत आली, धुळीमागून उबेच्या लोभाने एक पाल आली, आणि शास्त्रदृष्ट्या पाहता आणखी एक गोष्ट घडली, ती अशी की, समोरच्या पंख्यांनी ओढलेली थंड हवा मागपर्यंत ठरल्या मार्गाने जाण्याऐवजी शेजारच्या उघड्या बाजूने निघून जाऊ लागली. म्हणजे बंद ठेवले तर गुदमरते आणि सताड उघडले तर वाहत नाही. यास्तव पाहिजे होता तो बंद असूनही उघडा असा पडदा. माझ्या घरी या प्रश्नाची चर्चा चालू असता आमच्या मंडळींनी स्वयंपाकघरातूनच निकाल दिला, "एवढं काय त्यात? जुनी किसणी लावा." आम्ही पुरुषमंडळी हसलो. परंतु भाच्याने लगेच सांगितले की, ॲपल कंपनीने २०१९ साली जो मॅक प्रो नावाचा संगणक काढला त्याच्या दर्शनी भागी ॲल्युमिनियमच्या जाड पाटात दोन्ही बाजूंनी अर्धगोल खळगे कोरून, ते मध्ये एकमेकांत उघडतील अशी जाळी केलेली होती, आणि पाश्चात्त्य जगात त्याला चीजच्या किसणीचीच उपमा मिळाली होती. त्या किसणीची किंमत ५,९९९ डॉलरपासून पुढे होती. तिला चाके हवी असल्यास आणखी ४०० डॉलर. ही माहिती मी स्वयंपाकघरात पोहोचवली नाही.

नवीन पेट्या घेणे परवडणारे नव्हते, आणि पेटी बनवणारा कारखाना सुटा पत्रा विकीत नव्हता. त्या पोरांना चित्रांतील माणसे हलवता येतात, खरी माणसे हलवता येत नाहीत; म्हणून वाटाघाटींचे मुखत्यारपत्र माझ्याकडे आले.

प्रथम मी रविवार पेठेतील बोहरी आळीत गेलो. तेथे भोके पाडलेला तयार पत्रा मिळतो, त्याला जाळी म्हणतात, आणि तो किलोवर विकला जातो. सर्वांत स्वस्त मार्ग हाच, यात शंका नाही. ज्याला नीटनेटकेपणाचे वेड नाही त्याने येथेच थांबावे. अडचण एवढीच की, तयार जाळी ही कापडाच्या ठाणाप्रमाणे अखंड छिद्रमय असते आणि आपल्या मापाला ती कापली की कात्री छिद्रांच्या पोटातून जाते, त्यामुळे कडेला अर्धवट भोकांची दातेरी रांग उरते. तिला कोरा काठ नाही, दुमड नाही, स्क्रूला जागा नाही. असला पत्रा बसवला असता तर त्या पोरांच्या बोटांवरून त्यांची हजेरी घेता आली असती.

तेव्हा भोसरी. येथे जाण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवावे की, गुरुवार हा दत्तप्रभूंचा वार असून त्या दिवशी त्या वसाहतीतील यंत्रेही उपास करतात. इतर कोणत्याही दिवशी पत्रा कापण्याचा, ठोकण्याचा आणि दुमडण्याचा नाद सकाळपासून ऐकू येतो. ज्या कारखान्यात मी शिरलो त्याचा मालक पस्तिशीचा, कपाळावर चष्मा आणि कानाला फोन लावलेला असा होता. त्याने माझे नाव विचारले नाही, गाव विचारले नाही, काम काय तेही विचारले नाही.

"काका, नग किती?"

"सहा."

"सहाशे?"

"नुसते सहा."

त्याने कानावरचा फोन खाली घेतला. एखाद्या शोकवार्तेला शोभेल अशी स्तब्धता पसरली. मग तो समजुतीच्या स्वरात म्हणाला, "बसा काका. पाणी घ्या." चहाचा उल्लेख झाला नाही.

या पुरुषाच्या वर्तनात उद्धटपणा नव्हता, अर्थशास्त्र होते, हे मला पुढे कळले. कसबा पेठेतील तांबट आळीत जो कारागीर हंड्यावर मठारकाम करतो, त्याला पहिल्या हंड्यावर जितके ठोके मारावे लागतात तितकेच शंभराव्यावरही मारावे लागतात, म्हणून त्याच्या दारात एक हंडा मागणारा आणि शंभर मागणारा हे जवळजवळ एकाच योग्यतेचे. परंतु चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतात जेथे असल्या पेट्या ढिगांनी निर्माण होतात, तेथे सारे कष्ट डाय नावाच्या पोलादी साच्यात आधीच भरून ठेवलेले असतात. प्रेसचा दणका बसला की भोके, कडा, खाचा एकदम तयार. त्या साच्याला लाखांनी रुपये लागतात खरे, पण ते लाख नगांवर वाटले की दरडोई रुपया-दोन रुपये येतात. तोच खर्च सहा नगांवर वाटला तर प्रत्येक नगामागे कर्ज काढावे लागेल व त्याला जामीनही मिळणार नाही. छोट्या मागणीचे सारे दुःख या एका भागाकारात साठवलेले आहे: भाज्य बदलत नाही, आणि भाजक अगदीच केविलवाणा.

सुदैवाने मधल्या काळात दोन यंत्रे अशी निघाली की ज्यांना साचा लागत नाही, रेखाचित्र पुरते. एक लेसर आणि दुसरे टरेट पंच. रेखाचित्र मात्र कागदावरचे चालत नाही. मी पुठ्ठ्यावर पेन्सिलीने, प्रत्येक माप शाईने लिहून व खाली दिनांकित स्वाक्षरी करून जो नमुना नेला होता, तो मालकाने आदराने पाहिला आणि परत दिला; त्याला डीएक्सएफ जातीची फाइल पाहिजे होती. ऑटोडेस्क कंपनीने १९८२ साली ऑटोकॅडबरोबर प्रसृत केलेली ही लिपी भोसरीत आज राजभाषेच्या पदवीला पोहोचलेली आहे. ती फाइल भाच्याने त्याच तापलेल्या संगणकावर, तो मधूनमधून गती कमी करीत असता, रात्री जागून तयार केली. आरोपीने आपल्या सुटकेचा अर्ज आपणच, तोही कोठडीत बसून, लिहावा असा तो प्रकार होता.

आता छिद्रांविषयी विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे, कारण सर्व रस तेथेच आहे. भाच्याला नाजूक जाळी हवी होती: तीन मिलिमीटर व्यासाची छिद्रे, मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर चार मिलिमीटर, आणि ओळी एकाआड एक सरकवलेल्या, म्हणजे ज्याला साठ अंशांची मांडणी म्हणतात ती. अशा मांडणीत पत्र्याचा किती भाग मोकळा राहतो याचे सूत्र सोपे आहे: व्यासाच्या वर्गाला अंतराच्या वर्गाने भागावे आणि ९०.६९ने गुणावे, की टक्केवारी येते. तीन आणि चारचे उत्तर येते ५१ टक्के. अर्धा पत्रा अदृश्य होऊन त्याचे पैसे मात्र पूर्ण द्यावयाचे, हा व्यवहार मला प्रथम खटकला. परंतु खरी मेख पुढे होती. पत्र्याच्या मधोमध ३०० मिलिमीटरचा जो चौरस छिद्रांसाठी राखला होता, त्यात अशी सुमारे साडेसहा हजार छिद्रे बसतात. लेसरचा हिशेब दोन कलमांवर चालतो, एक कापलेली लांबी आणि दुसरे भेदनसंख्या, म्हणजे किरण किती वेळा नव्याने पत्र्यात घुसला ती. साडेसहा हजार छिद्रांचा परिघ जोडत गेल्यास एकसष्ट मीटर भरतो. हातभर पत्र्यात एकसष्ट मीटरचा प्रवास आणि साडेसहा हजार वेळा चढणे-उतरणे! एवढा भत्ता आमच्या खात्यात फिरतीवरच्या अधिकाऱ्यालाही कधी मंजूर झाला नसता. शिवाय इतक्या ठिकाणी उष्णता शिरल्यावर पातळ पत्रा वाकडातिकडा होतो तो निराळाच.

मालकाने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला आणि एकच प्रश्न विचारला. "काका, भोक तीनचंच पाहिजे का? पाच चालेल?"

पाच का, तर त्याच्या टरेट पंचच्या फिरत्या चकतीत पाच मिलिमीटरचे गोल टूल आधीच बसवलेले होते. कोणा विद्युत-नियंत्रण पेट्या करणाऱ्याचे काम त्यावर बारमाही चाले, त्यामुळे ते काढावयाचे नव्हते, नवे आणावयाचे नव्हते, धार लावून ठेवलेली होती. मी तेथल्या तेथे गणित मांडले. पाच मिलिमीटरचे छिद्र, सात मिलिमीटर अंतर: मोकळी जागा ४६ टक्के. म्हणजे मोकळ्या जागेत घट पाच टक्केबिंदूंची, आणि छिद्रे साडेसहा हजारांवरून एकवीसशेवर! दोन-तृतीयांश कष्टांना रजा देऊनही काम जवळजवळ तेवढेच होते, हा शोध माझ्या नोकरीच्या काळात लागता तर मी त्याचे परिपत्रक काढले असते. बोट आत जाईल ही भीतीही निराधार होती. यंत्राच्या आवरणातून बोट जाऊ नये म्हणून आंतरराष्ट्रीय मानकात जी कसोटी आहे ती साडेबारा मिलिमीटरची, आणि पाच मिलिमीटरमधून जाणारे बोट ज्या बालकाचे असेल ते अद्याप पाळण्यात असते.

भाचा मात्र हिरमुसला. त्याचे सौंदर्यशास्त्र तीन मिलिमीटरचे होते. मी त्याला समजावले की, ज्याला दहा हजार नग घ्यावयाचे आहेत त्याने आपल्या आवडीचे छिद्र निर्माण करावे. ज्याला सहा घ्यावयाचे आहेत त्याने दुसऱ्याच्या छिद्रावर प्रेम करावयास शिकावे. अल्प मागणीचा माणूस वस्तूची किंमत निम्मी रुपयांत देतो आणि निम्मी हट्ट सोडून देतो, असे माझे ठाम मत या प्रकरणात बनलेले आहे, आणि पुढची प्रत्येक पायरी त्याला पुरावाच देत गेली.

जाडीचेच पाहा. मुलांना सव्वा मिलिमीटरचा पत्रा हवा होता. कारखान्यात त्या आठवड्यात एक मिलिमीटरचा सी.आर., म्हणजे थंड लाटलेला, पत्रा चालू होता. आम्ही एक मिलिमीटर पत्करला. आठ बाय चार फुटी असा एक अखंड पत्रा सुमारे २३ किलो भरतो, आणि आमचा उलगडलेला नग ४४० मिलिमीटरचा चौरस असल्यामुळे त्यातून लांबीत पाच व रुंदीत दोन, असे दहा नग निघतात. मालक म्हणाला, "सहा काढा नाहीतर दहा काढा, सेटिंग तेवढंच. उरलेला तुकडा मी काय करू? भंगारात जाईल." सेटिंग, म्हणजे यंत्राला कामाची ओळख करून देण्याचा खर्च, हाच मोठा, ओळख झाल्यावर पुढचे चार नग जवळजवळ दक्षिणेच्या भावात. आम्ही दहांना मान्यता दिली. सहावरून दहावर गेल्याबरोबर चहा आला, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल.

दुमडण्याच्या टेबलाशी माझा एका कामगाराबरोबर जो वाद झाला तो मी अद्याप पूर्णपणे सोडलेला नाही. तयार पत्रा ४२० मिलिमीटरचा आणि दोन्ही बाजूंना बारा-बारा मिलिमीटरची दुमड, यांची बेरीज ४४४ होते, हे कोणताही कारकून सांगेल. परंतु सपाट पत्रा कापला होता ४४०चा. मधले चार मिलिमीटर कोठे गेले, अशी मी रीतसर विचारणा केली. तो म्हणाला, "बेंडमध्ये जातात, काका." सरकारी जमाखर्चात असे उत्तर देणारा मनुष्य चौकशीला पात्र ठरतो, पण त्याने घडी घालून, मोजपट्टी लावून दाखवले, आणि खरोखरच ४२० भरले. वाकताना पत्रा कोपऱ्यात ताणला जातो आणि तेवढा कमी लागतो, असे त्याचे स्पष्टीकरण होते. याच कारणासाठी छिद्रांची शेवटची ओळ दुमडीपासून पत्र्याच्या जाडीच्या निदान अडीच-तीन पट आत ठेवावी लागते, नाहीतर गोल छिद्रे लांबट होतात; आमचा कोरा काठ तर ऐसपैस होता. ४२० या आकड्यावर तेथे कोणी हसले, म्हणून सांगतो: १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचे कलम ३१८ आहे, तेव्हा आमच्या पत्र्याच्या मापाकडे संशयाने पाहण्यास आता कायद्याचा आधार उरलेला नाही.

पहिला नग तयार झाल्यावर मालकाने तो माझ्या हाती दिला आणि कागद पुढे केला. पहिला नग तपासून ग्राहकाने मंजुरीची सही केल्याखेरीज उरलेले करावयाचे नाहीत असा त्यांचा दंडक. सेवानिवृत्तीनंतर माझ्या सहीवाचून कोणाचे काही अडल्याचा हा पहिलाच प्रसंग असल्यामुळे मी तो नग अत्यंत सावकाश तपासला. पंच ज्या बाजूने घुसतो ती बाजू गुळगुळीत राहते आणि ज्या बाजूने बाहेर पडतो तिकडे बारीक धारदार बर उमटते. त्या बाजूवरून तळहात फिरवताच आमच्या मंडळींच्या मूळ सूचनेची आठवण झाली. ती बाजू पेटीच्या आत जाईल अशी दुमड आहे याची मी खात्री करून घेतली. हजारो ठोके खाल्ल्यावर पत्रा मधोमध थोडा फुगतो, तोही रोलरमधून काढून सरळ केलेला होता. मी "पाहिले, योग्य आहे" असा शेरा मारून, तारीख घालून, सही केली. आणि सवयीने खाली "अनुक्रमे पुढील कार्यवाहीस्तव" असे लिहिले. मालकाने ते वाचले, पण काही बोलला नाही.

राहता राहिला रंग. पावडर कोटिंगचा कारखाना पलीकडच्या गल्लीत. तेथे पत्र्याला आधी सात टाक्यांतून जावे लागते. तेल काढणे, गंज काढणे, धुणे, फॉस्फेटचा थर देणे, पुन्हा धुणे, असे सोळांपैकी सात संस्कार झाल्यावर त्यावर विजेच्या भाराने रंगाची भुकटी चिकटवतात आणि १८०-२०० अंशांच्या भट्टीत ती वितळवून पक्की करतात. ज्या वस्तूचा जन्म उष्णता घालवण्यासाठी, तिला आरंभीच एवढ्या भट्टीतून जावे लागावे, यात नियतीची थोडी थट्टा आहे. सहा तरुणांनी तीन रंग सुचवले होते, त्यांत एक "पावसाळी आकाश" नावाचा होता. कारखानदाराने सांगितले की, रंग बदलावयाचा म्हणजे भुकटी उडवण्याची सारी खोली आणि नळ्या झाडून पुसून घ्याव्या लागतात, तेवढा खर्च दहा पत्र्यांवर कसा टाकावयाचा? त्या दिवशी कोणाच्या तरी लोखंडी कपाटांना काळा रंग चालू होता. त्यांच्या शेपटाला आमचे दहा पत्रे टांगले गेले आणि काळे होऊन बाहेर आले. पावसाळी आकाशाचा विषय तेथेच संपला.

आता सहाही संगणकांना ते पत्रे बसलेले आहेत. धूळ अडवण्यासाठी आतून नायलॉनची चुंबकपट्टीची बारीक जाळी लावली, तिने थोडी हवा अडते आणि ती वरचेवर धुवावी लागते. तरीही प्रोसेसर ऐन दुपारी शंभरच्या वाटेला जात नाही, गती कमी करीत नाही, आणि पाल अन्यत्र स्थलांतरित झाली. दिवे अद्याप आत लागतात. ते आता कोणाला दिसत नाहीत, पण लावणे कोणी बंद केलेले नाही. कापणे, ठोकणे, दुमडणे, रंग आणि अठरा टक्के जीएसटी धरून एका पत्र्याला जो खर्च आला तो नव्या पेटीच्या किमतीच्या सातव्या हिश्शाच्या आत बसला, आणि सर्व बिले पक्की असून माझ्याकडे फायलीत क्रमवार लावलेली आहेत.

चार पत्रे शिल्लक आहेत. बाहेरून बाहेर ४२० बाय ४२० मिलिमीटर, चारही बाजूंना बारा मिलिमीटरची दुमड, जाडी एक मिलिमीटर. वाचकांपैकी ज्यांच्याकडे या मापाची तापट पेटी असेल त्यांनी संपादकांच्या पत्त्यावर कार्ड टाकावे. प्रथम येणाऱ्यास प्रथम, टपालखर्च मागणाऱ्याचा. छिद्र पाच मिलिमीटरचे आहे आणि रंग काळा आहे. या दोन बाबींसंबंधी कोणताही पत्रव्यवहार केला जाणार नाही.